पायाळू साखरा

साखरा पायांकडून जन्माला आली. सुईणीनं नाळ कापायच्या आधीच सांगून टाकलं, "पोरगी पायाळू हाय गं. हिला आभाळापासून जपा." पायाळू माणसाला वीज हुडकत येते, ही गोष्ट गेवराईजवळच्या त्या गोदाकाठच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. साखरा रांगायला लागायच्या आधीच गावानं तिचं मरण कसं येणार ते ठरवून टाकलं होतं.

पायाळूची लाथ मात्र गुणाची. पाठीत उसण भरली की मोठमोठे बापे कण्हत-कुंथत तिच्या दारी यायचे आणि अंगणात पालथे पडायचे. "हाण माय, डाव्या पायानं हाण." परकर सावरत साखरा त्यांच्या पाठीत लाथा घालायची, आणि ते उठून तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. तेच बापे आभाळ गडगडलं की तिला आपल्या ओट्यावरून हुसकायचे.

ती दुसरी-तिसरीत असेल, आईबरोबर आठवडी बाजाराला गेली होती. दुपारी एकाएकी वावटळ सुटली, आभाळ फाटल्यासारखं वाजलं आणि गारांचा मारा सुरू झाला. सगळा बाजार कापडवाल्याच्या पत्र्याखाली घुसला. साखराही आईच्या पदराला धरून आत शिरली. तेवढ्यात कुणीतरी ओळखलं. "अरे, ही पायाळू पोरगी! सगळ्यांना संगं घेऊन मरंल ही!" आठवड्याभरापूर्वी तिच्याकडून पाठीत लाथा खाऊन गेलेला एक माणूस पुढं आला. त्यानं तिची वेणी धरली आणि तिला फरफटत नेऊन चिखलात भिरकावलं. आई वाघिणीसारखी त्याच्यावर झेपावली, पण लोकांनी तिलाही ढकलून दिलं. मग ती माउली पोरीवर ओणवी होऊन बसली. गारांनी तिचं कपाळ फुटलं, रक्त साखराच्या तोंडावर ओघळत राहिलं, आणि पत्र्याखालचं एकही माणूस बाहेर आलं नाही.

वीज त्या दिवशी पडली ती नदीपल्याड एका म्हशीवर. घरी आल्यावर कपाळाला हळद दाबत आई म्हणाली, "म्हशीला कुणी इचारलं का, तू कशी जल्मलीस म्हणून?"

साखराचं लग्न पार तिकडं केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या शिवाराला लागून असलेल्या एका वस्तीत झालं. नवरा भारत गवंडीकाम करायचा. शांत माणूस, थापी आणि ओळंबा सोडून कशात लक्ष न घालणारा. पाठवणीच्या वेळी आईनं तिच्या कानात एवढंच सांगितलं, "पायाळू हाय म्हणून सासरी बोलू नको." साखरानं काही वर्षं तोंड शिवून ठेवलं. मग माहेरची एक आत्या पाहुणी आली आणि बोलता बोलता बोलून गेली. ऐकणारी होती थोरली जाऊ, जाईबाई.

जाईबाई म्हणजे वस्तीतलं दांडगं माणूस. नवरा लवकर गेला, तेव्हापासून बायांची टोळी घेऊन ती खुरपणी-काढणीची कामं उचलायची. जीभ विळ्यासारखी. पण साखराला बाळंतपणात ताप चढला होता, तेव्हा पोरीला न्हाऊमाखू घालून, छातीशी धरून जगवलं ते जाईबाईनंच. ती पोरगी म्हणजे यशोधरा. त्यामुळं साखरा जाईबाईचं सगळं ऐकून घ्यायची. पायाळूपण कळल्यावर जाईबाईनं एक नियम केला. पावसाळी दिवसांत साखरानं टोळीपासून दूर, वेगळ्या तासाला, म्हणजे पिकाच्या वेगळ्या ओळीत काम करायचं. आभाळ गरजलं तर जवळ यायचं नाही. साखरानं तेही मान्य केलं. मनातून तिलाही ते खरंच वाटत होतं.

यशोधरा अंबाजोगाईला नर्सिंगला गेली. सुट्टीत घरी आली होती तेव्हाची गोष्ट. संध्याकाळच्या आधी आभाळ गच्च भरलं, वीज लखलखली आणि साखरा चुलीपासून उठून समोरच्या भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. पोरीनं ताट वाढून घेतलं आणि आईजवळ बसायला गेली, तर आई तिथूनही उठली.

"माय, लांब लांब कावून पळायलीस?"

"तू तिकडंच बस. आली तर माझ्या एकटीवर येऊ दे."

यशोधराच्या हातातला घास तसाच राहिला. लहानपणापासून ती हे बघत आली होती, पण आई पावसाला भिते एवढाच त्याचा अर्थ तिनं लावला होता. आई आपल्याला वाचवायला दूर बसते, हे तिला त्या दिवशी कळलं. ती आधी रागावली, मग रडली, मग ताट बाजूला सारून आईसमोर मांडी घालून बसली.

"ढगाला काय ठाऊक, तू डोक्याकडनं आलीस का पायाकडनं? ऐक आता नीट. ढगात वर बर्फाचे बारीक कण असतात, खाली गारा. वारा त्यांना ताकावानी घुसळतो. घासाघासी झाली की वीज साठती. प्लास्टिकचा कंगवा केसांत फिरवला की कागदाचं कपटं चिकटतं का न्हाई, तसंच, पण डोंगराएवढं. मग ती खाली निघती. एका दमात येत न्हाई, पायऱ्या उतरल्यावानी तुकड्या-तुकड्यानं येती. ती खाली यायली की जमिनीवर जे उंच असंल, झाड, खांब, न्हाईतर रानात एकटा उभा माणूस, त्याच्यातनं एक ठिणगी वर जाती. ज्याची ठिणगी तिला आधी गावली, त्याच्यावर ती पडती. त्यात जन्माचा काय संबंध?"

"मग एवढं वाजतं कशानं?"

"हवा तापती माय. सूर्य तापतो त्याच्यापेक्षा जास्त, अन् ते पापणी लवायच्या आत. तापलेली हवा फुगती, तिला फुगायला वेळच मिळत न्हाई, म्हणून ती फाटती. तो आवाज. उजेड आपल्यापतोर लगेच येतो, आवाज मागनं चालत येतो. दोन्ही संगं आले तर समजायचं, डोक्यावरच हाय."

त्या रात्री पोरगी बोलत राहिली आणि आई विचारत राहिली. झाडाखाली का थांबू नये? कारण माणसाच्या अंगात खारं पाणी. वीज खोडातून उतरता उतरता जवळच्या माणसात उडी मारते. जनावरं जास्त का मरतात? जमिनीत पसरलेली वीज पुढच्या पायातून चढते आणि मागच्या पायातून उतरते, मधे काळीज असतं. रानात सापडलं तर काय करायचं? खोलगट जागी पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. आणि वीज लागलेला माणूस?

"त्याच्या अंगात वीज राहत न्हाई. आली अन् गेली. त्याला हात लावला तर आपल्याला काय होत न्हाई. काळीज थांबलेलं असतं. कधी कधी ते आपलं आपण सुरू होतं, पण श्वास सुरू झालेला नसतो, म्हणून परत थांबतं. तिथं माणूस मरतो. छाती दाबायची, तोंडानं वारा भरायचा." यशोधरानं उशी पुढं ओढली आणि आईचे तळवे एकावर एक ठेवून दाखवलं. "असं. जोरात. बरगडी मोडली तरी थांबायचं न्हाई. अन् एक ध्यानात ठेव माय, लई जणांना लागली तर जे वरडायलेत ते जगतात. जो गप पडलाय त्याच्याकडं आधी पळायचं."

साखरानं उशी दाबून पाहिली. तिला त्या बोलण्यातलं सगळं कळलं असं नाही, पण एक गोष्ट आत शिरली आणि तिथंच बसली. वीज तिला शोधत नव्हती. इतकी वर्षं ती उगाच कोपऱ्यात बसत आली होती.

ऑक्टोबरात सुंदररावांच्या वावरात सोयाबीन काढायला टोळी लागली. सुंदरराव गावातले मोठे शेतकरी, आवाजानं माणूस हलवणारे. टोळीत त्या दिवशी चौघीच होत्या: जाईबाई, साखरा, शेजारची वच्छलाबाई आणि मोहिनी. मोहिनीचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं. नवरा बाळू सुंदररावांचा ट्रॅक्टर चालवायचा, आणि दोघं एकमेकांकडं बघून इतकं हसायचे की वस्तीतल्या म्हाताऱ्या बायाही पदराआड हसायच्या. साखराच्या तासाला हौसेनं येऊन बसणारी ती एकटीच होती. "काकू, तुमच्यासंगं काम केलं की मला माहेरी असल्यागत वाटतं," असं म्हणायची.

दुपार कलली आणि मांजरा धरणाच्या अंगानं आभाळ काळंनिळं झालं. बायांनी धावपळ करून सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्री ओढली, कडेनं दगड ठेवले. तोवर वारा सुटला. सुंदररावांचा आखाडा, म्हणजे रानातली त्यांची पक्की खोली, दोन वावरं ओलांडून होती. बांधावर मात्र भलंमोठं लिंबाचं झाड उभं होतं. जाईबाई लिंबाकडं वळली.

"अक्का, झाडाखाली नका," साखरा म्हणाली. "आखाड्यावर जाऊ. पळत गेलं तर पोचू. यशोधरा सांगत व्हती, झाडच वढून घेतं."

जाईबाई गर्रकन फिरली. "झाड वढतं का तू वढतीस? तू यायची न्हाईस हितं. हो लांब."

"मी जाते. पण तुमीबी चला."

"भिजंल की हो ती, राहू द्या," मोहिनी म्हणाली.

साखरानं मोहिनीचा हात धरला. "तू चल माझ्यासंगं. चल म्हणते ना." मोहिनी दोन पावलं आलीही. तेवढ्यात जाईबाईनं विळा उलटा धरून त्याची मूठ साखराच्या खांद्यावर हाणली. हाड वाजलं. "तिला कावून नेतीस? स्वतः मर की एकटी!" साखराच्या हातातून मोहिनीचा हात सुटला. पोरगी घाबरून मागं सरली, लिंबाच्या खोडाला पाठ लावून उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "जावा काकू तुमी. पाऊस उघडला की येते."

खांदा धरून साखरा पळाली. आखाडा गाठण्याइतका वेळ उरला नव्हता, वीज आणि आवाज यांतलं अंतर संपत आलं होतं. वावराच्या खालच्या अंगाला पाण्यानं कापलेली ओघळ होती. ती तिच्यात उतरली, पाय जुळवले, गुडघ्यांत डोकं घातलं, कान दाबले. मानेवरचे केस ताठ उभे राहिलेले तिला जाणवले. जणू कुणी मागून फुंकर घालत होतं.

मग सगळं पांढरं झालं.

आवाज ऐकू आला असं तिला नंतर सांगता आलं नाही. आवाज अंगावर आदळला. तळपायातून काहीतरी चावत वर चढलं आणि ती चिखलात तोंडावर पडली. उठली तेव्हा कानात नुसती शिट्टी वाजत होती आणि वेल्डिंगच्या दुकानात येतो तसला जळका वास सुटला होता. तिनं बांधाकडं पाहिलं. लिंबाची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सोलली गेली होती. आतलं पांढरं लाकूड हाडासारखं उघडं पडलं होतं, त्यातून वाफ निघत होती. सालीचे हातहात लांब तुकडे वावरात फेकले गेले होते. झाडाला बांधलेली वच्छलाबाईची शेळी पाय ताणून पडली होती.

वच्छलाबाई ओरडत होती. कमरेपासून खाली पाय हलत नव्हते, निळेगार पडले होते. दोन्ही कानांतून रक्त येत होतं. "माझे पाय! माझे पाय गेले!"

ओरडते आहे म्हणजे ही जगेल. साखरा तिला ओलांडून पुढं गेली आणि कशाला तरी अडखळली. तो जाईबाईचा हात होता. जाईबाई उताणी पडली होती, लुगडं खांद्यापाशी जळलं होतं, छाती हलत नव्हती. मोहिनी तिच्या पलीकडं, खोडाला लागून. तिच्या उघड्या डोळ्यांत पाऊस पडत होता आणि पापण्या मिटत नव्हत्या.

दोघी गप होत्या. यशोधरानं हे सांगितलं नव्हतं.

साखरा जाईबाईपाशी होती, म्हणून जाईबाईवरच कोसळली. तळव्यावर तळवा ठेवला आणि दाबायला लागली. मार लागलेल्या खांद्यातून कळा निघत होत्या. "वच्छला! सरपटत जा! मोहिनीची छाती दाब!" ती किंचाळली. वच्छलाबाईच्या कानांचे पडदे फाटले होते, तिला काहीच ऐकू येत नव्हतं. साखरानं जाईबाईचं नाक चिमटून तोंडात वारा भरला, पुन्हा दाबलं. बरगडी कटकन मोडली. दाबतच राहिली. जाईबाईच्या घशातून एक घरघर आली, तशी ती उठून मोहिनीकडं धावली. तिची कोवळी छाती दाबली, तिच्या गार ओठांवर तोंड ठेवून फुंकर घातली. "ये गं बाई, ये." काही नाही. मागं वळून पाहिलं तर जाईबाईची घरघर थांबली होती. पुन्हा जाईबाई. पुन्हा मोहिनी. दोघींच्या मधल्या चिखलात तिच्या गुडघ्यांनी वाट पाडली. शेवटी ती जाईबाईपाशी राहिली, कारण तिथं काहीतरी परत येत होतं आणि मोहिनीत काहीच येत नव्हतं. ते ठरवायला तिला एका श्वासाइतकाही वेळ मिळाला नाही.

आखाड्यावरून माणसं धावत आली. पुढं सुंदरराव, मागं ट्रॅक्टरवरून उडी टाकून बाळू, आणखी तिघं-चौघं. "उचला! उकिरड्यावर न्या!" सुंदरराव गरजले. "गळ्यापतोर शेणात पुरा. शेण वीज वढून घेतं!"

"न्हाई!" साखरा दाबता दाबता ओरडली. "अंगात वीज नसती! तिला दाबा! बाळू, तिची छाती दाब, मी सांगते तसं!"

बाळूनं तिच्याकडं पाहिलं. क्षणभर तो थबकलाही. पण माणसांनी मोहिनीला हातापायांना धरून उचललं होतं आणि तो त्यांच्यामागं धावला. बाकीचे जाईबाईकडं वळले. एकानं तिचे पाय धरले. साखरानं चिखलातला विळा उचलला आणि हवेत फिरवला.

"हात लावशील तर बोटं तोडून टाकीन!"

"वेडी झाली बे ही. वढा हिला बाजूला." सुंदररावांनी तिचा दंड धरला. साखरानं विळा मारला. त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत रक्ताची धार लागली. त्यांनी तिच्या कमरेत लाथ घातली. ती जाईबाईवर पडली, तशीच पुन्हा उठून गुडघ्यांवर आली, एका हातात विळा आणि दुसऱ्या हातानं दाबणं चालू. दुसरी लाथ बसणार तोच जाईबाईच्या तोंडातून पाणी आलं, ती ठसकली आणि तिनं लांब, खरखरीत श्वास घेतला. मग आणखी एक.

सगळे जागच्या जागी थांबले. सुंदररावांच्या हातातून रक्त गळत होतं आणि ते जाईबाईच्या छातीकडं बघत होते.

"गाडी आणा," ते हळू आवाजात म्हणाले. मग मोठ्यानं, "बघता काय बे, पिकअप आणा!"

साखरा उकिरड्याकडं पळाली. बाळू गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी शेण ओढत होता. मोहिनीचं नुसतं तोंड बाहेर होतं. नवऱ्यानं तिचे केस नीट मागं सारले होते. "काढ तिला! बाळू, शेणाच्या भारानं श्वास कसा यायचा रे? काढ!" साखरा हातांनी शेण उकरायला लागली. त्यानं तिला ढकललं. पुन्हा आली, पुन्हा ढकललं. तिकडून पिकअपचा भोंगा वाजला. जाईबाईसोबत कुणीतरी हवंच होतं. साखरा रडत, शिव्या देत परत फिरली.

अंबाजोगाईच्या वाटेवर जाईबाईचा श्वास दोनदा बंद पडला, आणि दोन्ही वेळा साखरानं तो परत आणला. दवाखान्याच्या दारात यशोधरा ड्यूटीचे कपडे घालून उभी होती. शेणानं, चिखलानं, रक्तानं माखलेली आई तिला पहिल्यांदा ओळखूच आली नाही.

मोहिनीला मागून आणलं, पण तोवर काही करण्यासारखं राहिलं नव्हतं.

तिची माती झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाळू चार माणसं घेऊन साखराच्या दारात आला. भारत आडवा झाला तर त्याच्या डोक्यात काठी बसली आणि तो उंबऱ्यावर कोसळला. बाळूनं साखराला केसांना धरून अंगणात ओढलं. "तुझ्यासाठी आलेली वीज माझ्या बायकोनं घेतली! म्हातारीला जगवलंस, तिला कावून सोडलंस? बोल!" त्याच्या बुटाखाली तिचा उजवा हात आला आणि त्यानं सगळा भार टाकला. तिला आपल्या बोटांची हाडं मोडताना ऐकू आली. वच्छलाबाई ओट्यावरून खुरडत आली. तिच्या पायांत वीज पडली त्याच संध्याकाळी जीव परत आला होता, ऐकायला मात्र अजून धड येत नव्हतं. तिनं हातातली परात साखरा आणि त्या माणसांच्या मधे आपटली आणि वस्ती गोळा होईस्तोवर कर्कश ओरडत राहिली.

साखरानं पोलिसांत बाळूचं नाव दिलं नाही. यशोधरानं लई सांगून पाहिलं.

"माय, दोघी गप असल्या अन् हात दोनच असले तर एकच जगती. मी असते तरी हेच झालं असतं."

"तिचा हात धरला व्हता मी," साखरा म्हणाली. "एका फटक्यानं सोडला."

जाईबाई घरी आली ती बदलून. एका कानानं ठार बहिरी, नावं विसरायची, मधेच चिडून भांडी फेकायची. वीज लागली त्या दिवशी तिच्या पाठीवर बाभळीच्या फांदीसारखी लाल नक्षी उमटली होती. दवाखान्यात दुसऱ्या दिवसापर्यंत ती विरून गेली, पण वस्तीत चर्चा अशी की देवीनं हात ठेवला. बाया ओट्यावर जमल्या आणि एकीनं म्हटलं, "पायाळू संगं व्हती म्हणूनच झालं हे." जाईबाईला ते अर्धंमुर्धं ऐकू आलं. तिनं हातातला तांब्या त्या बाईच्या तोंडावर फेकला.

"तिला म्या हाकललं व्हतं झाडाखालनं!" ती सगळ्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली. "ती पायाळू, ती ओघळीत जित्ती राहिली. आमी सरळ जल्मलेल्या, आमी झाडाखाली मेलो. आता सांग, वीज कुणाला हुडकत व्हती?" बाई ओठ पुसत उठून गेली. जाईबाई साखराला काही म्हणाली नाही, त्या दिवशीही आणि नंतरही. पण साखराचा हात बांधलेला होता तोवर तिचं डोकं विंचरून द्यायला ती रोज यायची, आणि विंचरता विंचरता कशावरून तरी भांडून जायची.

मे महिन्यात एका दुपारी आभाळ पुन्हा गच्च झालं. साखरा वाळवण गोळा करत होती. वस्तीच्या पुढं गायरानात एक माणूस उभा दिसला. आजूबाजूला झुडूप नाही, भिंत नाही. बाळू. ट्रॅक्टर सोडून दिल्यापासून तो असाच फिरायचा. वीज चमकली, आवाज लगोलग आला. बाळू हलला नाही. त्यानं दोन्ही हात वर केले होते आणि तोंड आभाळाकडं होतं.

साखरानं हातातलं सूप टाकलं आणि ती धावत सुटली. भारतनं मागून हाक मारली, ती थांबली नाही. तिनं जाऊन बाळूची कॉलर धरली. त्यानं झटकली. तिनं पुन्हा धरली आणि डाव्या हातानं त्याच्या थोबाडीत दिली.

"खाली घे हात! चल घरात!"

"तुमी जावा काकू. मला घेऊ द्या ती वीज."

तिनं दुसरी थोबाडीत दिली, पहिलीपेक्षा जोरात. मग मोडून वाकडी जुळलेली बोटं त्याच्या कॉलरमध्ये अडकवून ती त्याला ओढायला लागली. गारा पडायला लागल्या. तो दणकट गडी, पण ओढला गेला, दोनदा गुडघ्यांवर पडला, तिनं दोन्ही वेळा लाथ घालून उठवला. भारत बाहेर आला आणि दोघांनी मिळून त्याला दारातून आत ढकललं. साखरानं दार लावून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. त्याच क्षणी गायरानाच्या पलीकडं वीज पडली. भांडी फळीवरून खाली आली.

बाळू भिंतीला टेकून खाली बसला. त्याचे दात वाजत होते.

"तुमी वरडत व्हता," तो म्हणाला. "छाती दाब म्हणून. मला ऐकू आलतं काकू. मला सगळं ऐकू आलतं, अन् म्या तिला शेणात पुरली."

साखरानं मागं हात नेऊन कडी पुन्हा चाचपून पाहिली.

"दाबली असती तर जगली असती का?"

खोटं बोलणं सोपं होतं, दोन्ही बाजूंनी. तिनं त्याच्याकडं पाहिलं. यशोधराच्याच वयाचं पोर. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"ठाऊक न्हाई रे," ती म्हणाली. "मी दाबली तवा तिच्यात काय आलं न्हाई. तू आणखी दाबली असतीस तर आलं असतं का, मला ठाऊक न्हाई. तुला न्हाई, मला न्हाई, डॉक्टरलाबी न्हाई."

तो गुडघ्यांत तोंड घालून मोठमोठ्यानं रडायला लागला. बाहेर गारा पत्र्यावर दगडफेक केल्यासारख्या वाजत होत्या, त्यात त्याचं रडणं बुडून जायचं आणि पुन्हा वर यायचं. भारतनं त्याच्या अंगावर गोधडी टाकली. मधे एकदा तो उठून दाराकडं आला, तेव्हा साखरानं नुसता हात आडवा धरला आणि तो परत जाऊन बसला.

पाऊस थांबला, गडगडाट दूर लातूरच्या अंगाला गेला, तरी ती दारातून हलली नाही. मग तिनं कडी काढली आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं.